जिंकलेले राज्य, हरलेली गल्ली

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार. विधानसभेची मतमोजणी सुरू होऊन तीन-चार तास झाले होते. आमच्या जरीपटक्याच्या गल्लीत पहिली लड वाजली आणि पाठोपाठ शेजारचे दादा पेढ्यांचा डबा घेऊन दारात उभे राहिले. "भाभीजी, अपन तो जीत गए!" त्यांच्या घरातला टीव्ही इतका मोठ्याने लागलेला होता की महायुती दोनशेच्या पुढे गेल्याचे मला भिंतीतूनच कळले होते. मी पेढा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला येणाऱ्या ताई आल्या त्या केसांतला गुलाल पुरता न धुताच. त्या इंदोऱ्याला राहतात, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटे. त्यांनीही पदरातून कागदाची पुडी काढली. "घ्या बाई, पेढा घ्या. आपला निवडून आला." तोही मी घेतला.

दादा आणि ताई एकाच मतदारसंघाचे मतदार. यंत्रावरची नावे तीच, चिन्हे तीच. दादांचे मत कमळाला गेले आणि ताईंचे पंजाला, हे दोघांनीही कधी लपवलेले नाही. तरी दोघेही म्हणत होते, आपण जिंकलो. दोघांचेही खरे होते. दादा राज्य जिंकले होते, ताई मतदारसंघ जिंकल्या होत्या.

मी हा प्रसंग गमतीने सांगत असे. पण त्याच आठवड्यात दादांचा नातू, जो दहावीपर्यंत माझ्याकडे गणित शिकायला येई आणि ज्याने या वेळी पहिल्यांदा मत दिले, तो जिन्यात भेटला आणि म्हणाला, "आंटी, हमारे यहाँ का वोट तो हर बार वेस्ट ही जाता है ना? फिर लाइन में लगने का मतलब क्या?" गणिताच्या शिक्षिकेला असा प्रश्न विचारला की तिला आकडे काढून बसावेच लागते. गेले वर्षभर मी तेच करत होते. त्यातून काय हाती लागले ते इथे मांडते.

आधी आमच्या वस्तीविषयी. जरीपटका म्हणजे मराठ्यांचे निशाण, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण हे नाव ज्या नागपूरच्या वस्तीने धारण केले आहे ती वस्ती मुख्यतः सिंधी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ती वसवली आणि दुकानांनी वाढवली. इथला रस्ता हिंदी आणि सिंधी बोलतो, रविवारी सकाळी दाल-पकवानाच्या गाड्यांवर गर्दी असते, आणि माझ्यासारखी मराठी घरे मधूनमधून पेरल्यासारखी आहेत. या वस्तीच्या चारी बाजूंना इंदोरा, बेझनबाग, महेंद्रनगर, टेका, नारा, नारी. पैकी इंदोरा हे आंबेडकरी चळवळीचे नागपुरातले मोठे ठाणे. तिथल्या बुद्धविहाराचे नाव देशभर माहीत आहे. टेक्याकडे मुस्लिम वस्ती दाट आहे. हे सगळे मिळून उत्तर नागपूर हा विधानसभा मतदारसंघ होतो आणि तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे आमच्या गल्लीतला सिंधी व्यापारी इथे मत देऊ शकतो, उमेदवार होऊ शकत नाही. यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही, राखीव जागा असायलाच हव्यात. पण इथल्या माणसाचे राजकारणाशी नाते थोडे लांबूनचे का असते, याचे एक कारण त्यात आहे.

जरीपटक्यातल्या मतदान केंद्रांवर कमळ पुढे असते आणि इंदोऱ्यातल्या केंद्रांवर मागे, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्यांना पडताळून पाहायचे असेल त्यांनी निवडणूक अधिकाऱ्यांकडचा फॉर्म वीस पाहावा. त्यात केंद्रवार मते दिलेली असतात. मोजणीच्या वेळी यंत्रे एकत्र मिसळत नाहीत, प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा लागतो. गुप्त असते ते एका माणसाचे मत. गल्लीचे मत उघडेच असते.

आता तीन निवडणुकांचे आकडे. हे मी मुद्दाम सावकाश सांगते, कारण सगळी मेख यात आहे.

१९९९, २००४ आणि २००९ अशा सलग तीन वेळा उत्तर नागपूरने काँग्रेसचे नितीन राऊत निवडून दिले. २०१४ मध्ये ते पडले आणि भाजपचे डॉ. मिलिंद माने निवडून आले. माने यांना ६८,९०५ मते पडली. दुसऱ्या क्रमांकावर राऊत नव्हते, बहुजन समाज पक्षाचे किशोर गजभिये होते, ५५,१८७ मते. राऊत तिसरे, ५०,०४२. त्या वर्षी आमच्या गल्लीत खरीखुरी दिवाळी झाली होती. राज्य आपले, आमदारही आपला.

२०१९ मध्ये माने यांची मते किती घटली? ६८,९०५ वरून ६६,१२७. म्हणजे पाच वर्षांत फक्त २,७७८ मतांची घट. इतकी घट तर लोक घर बदलून गेल्यानेही होते. पण राऊत यांना ८६,८२१ मते मिळाली आणि माने २०,६९४ मतांनी हरले. भाजपचा मतदार जवळपास जिथल्या तिथे होता. हलले होते ते समोरचे. हत्तीकडे गेलेली बरीच मते पंजाकडे परत आली.

आणि २०२४. या वेळी माने यांना ९९,४१० मते मिळाली. ज्या वर्षी ते जिंकले त्या वर्षापेक्षा ३०,५०५ मते जास्त. तरीही ते हरले, आणि आधीपेक्षा मोठ्या फरकाने, कारण राऊत यांना १,२७,८७७ मते होती. फरक २८,४६७.

नातवाला मी हे तीन आकडे वहीत एकाखाली एक लिहून दाखवले. ६८,९०५ : जिंकले. ६६,१२७ : हरले. ९९,४१० : आणखी जोरात हरले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "ये तो उल्टा है." उलटे नाही. आपली निवडणूक तुम्हाला किती मते पडली हे विचारतच नाही, तुमच्या पुढे कोणी आहे का एवढेच विचारते. सर्वांत जास्त मते ज्याची, तो आमदार. निम्म्याहून जास्त असण्याची अट नाही, हरलेल्याच्या मतांना कुठे जमा नाही.

२०१४ मध्ये गजभिये आणि राऊत यांची बेरीज १,०५,२२९ होते, माने यांच्याहून ३६ हजारांनी जास्त. अर्थात अशा बेरजा जपून कराव्या लागतात. हत्तीला मत देणारा प्रत्येक जण हत्ती नसता तर पंजाला गेला असता असे मुळीच नाही, काही घरीच बसले असते. पण आमच्या गल्लीतली २०१४ ची दिवाळी आमच्या गल्लीने आणली नव्हती, ती शेजारच्या वस्तीतल्या फाटाफुटीने आणली होती, हे मान्य करावेच लागते. दादांना हे अजून पटलेले नाही.

आता हेच गणित राज्याला लावून पाहू.

२० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रातल्या २८८ जागांसाठी मतदान झाले. भाजपला १३२, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१, असे सत्तेतल्या तीन पक्षांचे २३० आमदार निवडून आले. शिवाय छोटे मित्रपक्ष. समोर महाविकास आघाडीत उद्धव ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६ आणि शरद पवार यांची राष्ट्रवादी १०. तिघांचे मिळून ४६. एका पक्षाच्या १३२ जागा हा १९९० मधल्या काँग्रेसच्या १४१ नंतरचा सर्वांत मोठा आकडा.

मतांत पाहिले तर महायुतीच्या तीन पक्षांना मिळून ४८ टक्क्यांच्या किंचित वर मते आहेत आणि आघाडीच्या तीन पक्षांना मिळून ३४ टक्क्यांच्या किंचित खाली. बाकीची अपक्ष, बंडखोर, वंचित, मनसे, बसपा यांच्यात वाटली गेली. म्हणजे शंभरातल्या ४८ मतांनी शंभरातल्या ८० जागा मिळवून दिल्या आणि ३४ मतांनी १६ जागा.

हे कसे होते ते शाळेच्या भाषेत सांगते. एका शाळेत दहा वर्ग आहेत, प्रत्येकात शंभर मुले, प्रत्येक वर्गाने आपला एक प्रतिनिधी निवडायचा. समजा सगळ्या वर्गांत लाल गटाला ४८, हिरव्याला ३४ आणि इतरांना १८ मते पडली. लाल गटाचे दहाही प्रतिनिधी निवडून येतील. हिरव्या गटाकडे शाळेतली एकतृतीयांश मुले आहेत, पण त्याचा एकही प्रतिनिधी नाही. आता हिरव्या गटाची मुले सगळीकडे सारखी विखुरलेली नसून दोन वर्गांत दाटीने बसली आहेत असे धरा. मग ते दोन वर्ग त्याला मिळतात आणि बाकी आठ आणखी सहज हातचे जातात. लाट आली की कोण वाचतो याचे उत्तर इथे आहे. उमेदवार चांगला असावा, कामे झालेली असावीत, हे सगळे ठीकच. पण त्याआधी मते एका ठिकाणी दाटलेली असावी लागतात. उत्तर नागपूर हा असा दाटीचा वर्ग आहे. जरीपटका म्हणजे त्या वर्गातला लाल गटाचा बाक.

नागपूर शहराच्या सहा जागा पाहिल्या तर चित्र आणखी स्पष्ट होते. पूर्व नागपुरात भाजपचे कृष्णा खोपडे १,१५,२८८ मतांच्या फरकाने जिंकले. दक्षिण-पश्चिममध्ये देवेंद्र फडणवीस ३९,७१० मतांनी. मध्य नागपुरात प्रवीण दटके यांचा फरक ११,६३२. पश्चिमेत मात्र काँग्रेसचे विकास ठाकरे ५,८२४ मतांनी वाचले. खोपडे यांच्या फरकातली लाखभर मते उचलून पश्चिम किंवा उत्तरेत ठेवता आली असती तर शहरात काँग्रेस उरली नसती. पण मते उचलून ठेवता येत नाहीत. आपल्याकडे एक मताने जिंकणारा आणि एक लाखाने जिंकणारा विधानभवनात सारखाच बाक अडवतो. माझा भाऊ पूर्व नागपुरात राहतो, तो भाजपचा मतदार. त्याचे मत त्या लाखभरातले एक, म्हणजे जिंकायला नको असलेले. वाया गेले म्हणायचे तर त्याचेही गेले. जिंकणाऱ्याकडेही जास्तीची मते पडून राहतात हे लोकांच्या ध्यानात येत नाही, कारण ती गुलालाखाली झाकली जातात.

याहून टोकाचे उदाहरण हवे तर आंध्र प्रदेशाचे घ्या. जून २०२४ मध्ये तिथे जगन मोहन रेड्डी यांच्या पक्षाला ३९ टक्क्यांहून जास्त मते मिळाली आणि १७५ पैकी जागा किती? ११.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे महायुतीचा विजय हा निव्वळ पद्धतीचा चमत्कार होता तर. तसे नाही. पद्धत फुगवते, निर्माण करत नाही. सहाच महिने आधी, ४ जूनला लागलेल्या लोकसभेच्या निकालात महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा घेतल्या होत्या आणि महायुतीला १७ मिळाल्या होत्या. तेव्हा दोन्ही बाजूंच्या मतांतला फरक जेमतेम एका टक्क्याचा होता. त्या एका टक्क्याने आघाडीला जवळपास दुप्पट जागा दिल्या, तेव्हा आघाडीतल्या कोणी पद्धतीबद्दल तक्रार केल्याचे आठवत नाही. नोव्हेंबरपर्यंत तो एक टक्का उलट्या बाजूला चौदा टक्के झाला. हे चौदा टक्के खरे आहेत. ते कुठून आले हा प्रश्न उरतो.

पहिले उत्तर सगळ्यांना माहीत आहे. लोकसभेत मार बसल्यावर चोवीस दिवसांत, २८ जूनच्या अर्थसंकल्पात, 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिना १,५०० रुपये. ऑगस्टमध्ये राखी पौर्णिमेच्या सुमारास पहिले तीन हजार खात्यात पडले आणि मतदानाआधी पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार, दोन कोटींहून अधिक बायकांच्या हाती गेले होते. २०१९ मध्ये राज्यातल्या ५९ टक्क्यांच्या आसपास बायकांनी मतदान केले होते, २०२४ मध्ये ६५ टक्क्यांहून जास्त. पुरुषांचेही वाढले, पण बायकांचे जास्त वाढले.

त्याच दिवशी, २३ नोव्हेंबरला, झारखंडचाही निकाल लागला. तिथे हेमंत सोरेन यांच्या सरकारने बायकांना दरमहा हजार रुपये द्यायला सुरुवात केली होती आणि अडीच हजारांचे वचन दिले होते. त्यांची आघाडी ८१ पैकी ५६ जागा घेऊन परत आली. एक सरकार भाजपचे, एक भाजपविरोधी, पण उपाय तोच आणि फळ तेच. इतके पाहून थांबलो असतो तर सिद्धान्त तयारच होता. पण मघाचे जगन मोहन रेड्डी आठवा. घरोघरी खात्यात पैसे टाकण्यात त्यांचा हात देशात कोणी धरला नसता, आणि ते ११ वर आले. तेव्हा पैसे दिले की सत्ता राहते, हे सूत्र अपुरे आहे.

आमच्या ताईंचे उदाहरण तर सूत्राच्या थेट विरुद्ध. त्यांना पाचही हप्ते मिळाले होते. मी विचारले, पैसे घेतले आणि मत पंजाला? त्या भांडे घासता घासता म्हणाल्या, "घेतले न बाई. काहून नाही घ्याचे? सरकार का घरून देते? पन मत थोडीच इकलं." त्यांच्या वस्तीत मत ठरवणारी गोष्ट वेगळी होती. लोकसभेच्या वेळी 'चारसौ पार'च्या घोषणेतून संविधानाला धोका आहे हा संदेश तिथे घरोघरी पोचला होता आणि तो पाच-सहा महिन्यांत पुसला गेला नाही. ६ नोव्हेंबरला राहुल गांधी नागपुरात दीक्षाभूमीवर येऊन संविधान संमेलनात बोलले, तेही त्याच धाग्याला धरून. राज्यात इतरत्र तो धागा लोकसभेइतका चालला नाही. उत्तर नागपुरात चालला.

मग इतर ठिकाणी पंधराशे रुपये का चालले? मला वाटते, जिथे मत आधीच एखाद्या मोठ्या प्रश्नाला बांधलेले नव्हते, तिथे ते चालले. आणि ते एकटे चालले नाहीत. शेतीपंपांचे वीजबिल माफ झाले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने मराठवाड्यात लोकसभेला सरकारला झोडपले होते, त्याची उलट प्रतिक्रिया म्हणून ओबीसी मते विधानसभेला एकवटली. 'बटेंगे तो कटेंगे' आणि 'एक हैं तो सेफ हैं' या घोषणा होत्या. संघाचे स्वयंसेवक लोकसभेला घरी बसल्याची चर्चा नागपुरात होती, विधानसभेला ते घरोघरी फिरत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. आणि समोर काय होते? जागावाटपात आठवडेच्या आठवडे घालवणारी आघाडी. विदर्भातल्या जागांवरून काँग्रेस आणि ठाकरे यांची शिवसेना भांडत राहिली. आमच्याच जिल्ह्यातल्या रामटेकला आघाडीची जागा ठाकरेंच्या पक्षाला सुटली, काँग्रेसचे राजेंद्र मुळक बंड करून अपक्ष उभे राहिले, आणि शिंदे यांच्या पक्षाचे आशिष जयस्वाल जिंकले.

एका आक्षेपाविषयी बोलले नाही तर हा लेख अपुरा राहील. निकालानंतर विरोधकांनी मतदारयादीत सहा महिन्यांत झालेली वाढ आणि संध्याकाळी पाचनंतर वाढलेले मतदान यांवर बोट ठेवले. पाच वाजता ५८.२२ टक्के मतदान झाल्याचा आकडा आला होता आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के. निवडणूक आयोगाने आरोप फेटाळले, मतदानाबाबतची एक याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली. यादीचा वाद अजून राजकारणात चालू आहे आणि त्यावर निवाडा देण्याइतकी कागदपत्रे माझ्यासारखीजवळ असणे शक्य नाही. पाचनंतरच्या मतदानाबद्दल मात्र केंद्राध्यक्ष म्हणून काम केलेल्या बाईने दोन गोष्टी सांगायला हरकत नाही.

मतदान सहाला संपते याचा अर्थ सहाला दार लागते, मतदान थांबत नाही. सहा वाजता आवारात जितके लोक रांगेत आहेत त्या सगळ्यांना मत देऊ द्यावेच लागते. केंद्राध्यक्ष त्यांना सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतो, आणि त्या वाटायच्या शेवटच्या माणसापासून पुढे. पहिला क्रमांक सर्वांत मागच्या माणसाला. म्हणजे नंतर कोणी मागे येऊन उभे राहू शकत नाही. ही युक्ती ज्याने काढली त्याला मी मनातल्या मनात दाद देत आले आहे. दुसरी गोष्ट, दिवसभर दर दोन तासांनी जाणारे टक्के हे फोनवरून, घाईत, अंदाजाने सांगितलेले असतात. पक्का आकडा रात्री यंत्र बंद करताना 'सतरा-सी' या कागदावर चढतो आणि त्याची सहीची प्रत प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला देतात. ज्या पक्षाला शंका आहे त्याच्याकडे प्रत्येक केंद्राचा हा कागद असायला हवा. मी काम केलेल्या एका केंद्रावर रात्री हा कागद घ्यायला चारपैकी दोनच प्रतिनिधी थांबले होते, बाकीचे जेवायला गेले ते गेलेच. मोठी निवडणूक अशा लहान कंटाळ्यांवरही हरली जाते.

सत्तेतल्या पक्षाने असा दणदणीत विजय मिळवणे महाराष्ट्राला नवे नाही. १९७२ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या होत्या, त्याही ५६ टक्के मतांवर. तेही विदर्भाचेच, पुसदचे. त्या विजयाचा गुलाल वाळतो न वाळतो तोच दुष्काळ पडला, आणि १९७५ च्या सुरुवातीला नाईकांना पद सोडावे लागले, ते विरोधकांमुळे नव्हे, त्यांच्याच पक्षाने. समोर कोणी उरले नाही की भांडण घरात येते, असे आमचे राज्यशास्त्राचे सर म्हणत. २०२४ नंतर ते कितपत खरे ठरले हे वाचकांनी वर्तमानपत्रांत पाहिलेच आहे.

आता त्या नातवाच्या प्रश्नाचे खरे टोक. राज्य सहज जिंकले गेले याने गल्लीत काय बदलते?

विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदासाठी एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार हवेत, असा संकेत धरला जातो. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष वीसचा. त्यामुळे हा लेख लिहीपर्यंत ती खुर्ची रिकामी आहे. १५ डिसेंबरला आमच्याच शहरात, राजभवनावर, मंत्र्यांचा शपथविधी झाला. रस्ते बंद, ताफे, फलक. उत्तर नागपूरचा आमदार विरोधातला, त्यामुळे आमच्या भागाचा निधी आणि कामे याविषयी दादांची तक्रार असते की सरकार आपले असून आपल्याला विचारणारे कोणी नाही. ताईंची तक्रार असते की आमदार आपला असून त्याचे कोणी ऐकत नाही. दोघांच्या घरासमोरची नाली मात्र तुंबते ती एकाच पावसात.

नालीसाठी खरे तर आमदाराकडे जायचेच नसते, नगरसेवकाकडे जायचे असते. पण नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगितले, मग मुदत जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. नातवाला मी शेवटी याच निवडणुकीकडे वळवले. नागपुरात १५१ नगरसेवक आणि बहुतेक प्रभाग चार जागांचे. म्हणजे एका मतदाराला चार मते. प्रभाग लहान असतो, त्यामुळे विधानसभेत ज्या वस्तीचे मत मोठ्या आकड्यात बुडून जाते ते इथे वर येते. चार जागांत एखादी राखीव, एखादी खुली, त्यामुळे जरीपटक्यातला माणूसही उभा राहू शकतो आणि इंदोऱ्यातलाही, कधी कधी एकाच प्रभागात. २०१७ मध्ये भाजपने १५१ पैकी १०८ जागा घेतल्या, काँग्रेसला २९ मिळाल्या, आणि ज्या बसपाला आज विधानसभेत कोणी मोजत नाही तिचे १० नगरसेवक निवडून आले. हत्ती शहरभर चालला नाही तरी चार-पाच प्रभागांत चालू शकतो, हे त्या आकड्यात दिसते.

"तो चार वोट में से एक तो काम आएगा," नातू म्हणाला. मी म्हटले, आधी यादीत नाव बघ.

सप्टेंबरअखेरीस ताई फोन घेऊन आल्या. लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली होती. पडताळणीत सव्वीस लाखांवर लाभार्थी अपात्र असल्याचा संशय सरकारनेच जाहीर केला होता, म्हणून ही तपासणी. पंधराशेचे एकवीसशे होणार होते ते मार्चच्या अर्थसंकल्पात झाले नाहीत, ते ताईंनी मनातून काढून टाकले आहे. पण पंधराशे बंद व्हायला नकोत. आधारला जोडलेला नंबर त्यांच्या नवऱ्याचा जुना, तो केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येईना. कोणाकडे जाऊ, असे त्या विचारत होत्या. मी दादांच्या नातवाला हाक मारली. तो खाली आला, माझ्या जेवणाच्या टेबलाशी ताईंच्या शेजारी बसला, आणि दोघांनी मिळून नंबर बदलायला आधार केंद्राची वेळ शोधायला सुरुवात केली. जवळची वेळ मिळाली ती दहा दिवसांनंतरची, सकाळी साडेदहाची. त्या दिवशी मी ताईंना सुटी दिली.